घरातून बाहेर जाणारा रस्ता



कवीला बोलवावं आणि त्याने घरच्या इंटरनेटची जोडणी कशी वाढवावी यावर बोलावं, हे आपल्यापैकी काहींना जरा विचित्र वाटेल. पण माझा या विषयाशी संबंध आला तो शब्दामुळे. ब्रॉडबँड या शब्दात वेग कुठेच नाही. ब्रॉड म्हणजे रुंद आणि बँड म्हणजे पट्टा. जाहिराती मात्र फक्त वेगाच्या असतात. आमच्या मिरजेत सकाळी पेपर उघडला की त्यातून एखादं रंगीत पत्रक खाली गळतं. 'आता 100 चा वेग', 'आता 300 चा वेग', आणि बाजूला धावणारा चित्ता. खाली मुंगीएवढ्या अक्षरात एक शब्द असतो, 'पर्यंत'. शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत. अख्ख्या पत्रकात मला हा एकच शब्द प्रामाणिक वाटतो.

तारेतून जाणारा प्रकाश किंवा वीज तुम्ही जास्त पैसे भरले म्हणून जास्त धावत नाही. वाढते ती एका सेकंदात किती माल जातो, ती मात्रा. नळाचं उदाहरण घ्या. पाऊण इंची नळाऐवजी दोन इंची नळ घेतला तर बादली लवकर भरते, पण धरण काही घराजवळ येत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे. आणखी एक हिशेब आधीच सांगून टाकतो. पत्रकावरचा आकडा बिटमध्ये असतो आणि आपल्या फोटो-चित्रफितींचं वजन बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून 100 एमबीपीएसची जोडणी सेकंदाला फार तर साडेबारा एमबी आणते. यात फसवणूक नाही, पण ग्राहकाच्या मनात शंभर बसतात आणि हातात साडेबारा येतात, हे खरं.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमने केलं. आमच्यासारख्या गावात ते यायला आणखी काही वर्षं गेली. तेव्हा टेलिफोनच्याच तारेवरून मोडेम नंबर फिरवायचा आणि तो चिरका, खरखरता आवाज व्हायचा. जास्तीत जास्त 56 किलोबिट. माझी अम्मी आतल्या खोलीतला रिसीव्हर उचलायची आणि बाहेर माझं पान अर्ध्यावर तुटायचं. मग 2004 साली सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं आणि कायम चालू असलेल्या, निदान 256 किलोबिटच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणायचं असं ठरलं. 2013 मध्ये ही मर्यादा 512 किलोबिट झाली आणि 2023 मध्ये 2 मेगाबिट. म्हणजे 2004 मध्ये जे ब्रॉडबँड होतं, त्याच्या आठपट मिळालं तरच आज कागदोपत्री त्याला ते नाव लावता येतं.

या सगळ्या व्याख्यांत एक गोष्ट सारखी आहे. मोजमाप आहे ते घरात किती येतं याचं. घरातून बाहेर किती जातं, हा प्रश्न बराच काळ कुणी विचारला नाही. मला आज बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

आपल्या बोलीने या दोन क्रियांना छान शब्द शोधले आहेत. डाउनलोडला आपण 'उतरवणं' म्हणतो आणि अपलोडला 'चढवणं'. गाणं उतरवून घेतलं, फोटो चढवला. आमच्याकडे दर्ग्यावर चादर चढवतात आणि लेकराची नजर उतरवतात, त्यामुळे हे शब्द कानाला परके वाटले नाहीत. उतरणं सोपं आणि चढणं दमवणारं, हेही त्यात आपोआप आलं. आणि तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडमध्ये हे अक्षरशः तसंच होतं.

त्या तंत्राचं नाव एडीएसएल. त्यातला 'ए' म्हणजे असिमेट्रिक, विषम. माणसाचा आवाज टेलिफोनच्या तारेचा अगदी खालचा, चार किलोहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा वापरतो. त्याच्या वरचा भाग रिकामाच पडून होता. त्या रिकाम्या जागेची अशी वाटणी झाली, की एक चिंचोळी पट्टी घरातून बाहेर जाणाऱ्या मजकुराला आणि ऐसपैस पटांगण बाहेरून आत येणाऱ्याला. या तंत्राची चांगली, सुधारलेली आवृत्ती कागदावर 24 मेगाबिट आत आणायची आणि बाहेर न्यायची साधारण एक. अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेतले जोसेफ लेक्लायडर यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस ही विषम वाटणी सुचवली. त्यामागे गणित होतं. एक्सचेंजमध्ये शेकडो तारा एकमेकींना चिकटून येतात आणि एकीचं बोलणं दुसरीत झिरपतं. दोन्ही दिशांना सारखाच भार दिला तर हा गोंगाट वाढतो. एका बाजूला झुकतं माप दिलं तर एकूण माल जास्त जातो. शिवाय तेव्हा डोळ्यांपुढे होतं ते टेलिफोनच्या तारेवरून घरोघरी सिनेमा दाखवण्याचं स्वप्न. घर म्हणजे प्रेक्षक. प्रेक्षकाने पाठवायचं ते एवढंच, की 'हा सिनेमा लावा'.

घर म्हणजे प्रेक्षक ही कल्पना आमच्या गल्लीला लागू पडत नव्हती. मिरजेची तंतुवाद्यं आपल्याला ठाऊक असतीलच. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सतार-तंबोरा घडायला लागला, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या घरापासून चार घरं सोडून एक तंबोरे करणारे गृहस्थ राहतात. सगळी गल्ली त्यांना मामू म्हणते, मीही. ते मला 'शायर' म्हणतात, आणि त्यात किती कौतुक अन् किती चेष्टा, हे त्यांनी कधी कळू दिलेलं नाही.

मामूंचं गिऱ्हाईक पूर्वी पायरी चढून यायचं. बैठकीवर बसायचं, चहा व्हायचा, तंबोरा छेडून बघायचं. आता निम्मं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईपलीकडचं, काही तर परदेशातलं. त्यांना तंबोरा ऐकायचा असतो, आणि तंबोऱ्यात ऐकायचं असतं ते जवारीचं काम. पंढरपूर भागातून आलेला भोपळा किती गोल आहे, नक्षी किती नाजूक आहे, हे फोटोत दिसतं. पण घोडीचा माथा किती बारकाईने घासला आहे, तारेखाली सुताचा धागा नेमका कुठे सरकवला आहे आणि त्यामुळे एका तारेतून किती स्वर उमलतात, हे फोटोत दिसत नाही. टेलिफोनवरही ऐकू येत नाही, कारण जुना टेलिफोन साधारण साडेतीन हजार हर्ट्‌झच्या वरचं सगळं कापून टाकायचा, आणि जवारीची झळाळी बरीचशी त्या वरच्या भागातच असते. म्हणून मामूंचा मुलगा फोनवर चित्रण करून पाठवायचा.

त्या पाठवण्याचा हिशेब सांगतो. दहा मिनिटांचं चांगल्या प्रतीचं चित्रण म्हणजे ढोबळ सव्वा जीबी. एक मेगाबिटच्या चढणीवरून ते चढायला पावणेतीन तास लागतात, तेही तार कोरडी असेल तर. मामूंच्या तारेला मध्येच एक जोड होता आणि एक्सचेंजही लांब. तांब्यात अंतर वाढेल तसा संदेश क्षीण होत जातो, आणि पावसाळ्यात जोडात पाणी गेलं की विचारूच नका. पोरगा रात्री दहाला चित्रफीत चढवायला लावून झोपायचा, पहाटे उठून बघायचा तर 71 टक्क्यांवर अडकलेली. त्या काळात त्यांच्याकडे आठ मेगाबिटची जोडणी होती आणि कंपनीचा माणूस येऊन सांगायचा, 'मामू, सोळाची घ्या.' सोळा घेतली असती तरी चढण तेवढीच राहणार होती. आत येणारा दरवाजा रुंद झाला असता आणि मामूंचा माल तर बाहेर जायचा होता. त्यांच्या पोराने कंपनीला तीनदा विचारलं, वर जायचा आकडा किती? त्याला तीनदा खाली यायचा आकडा सांगण्यात आला.

टाळेबंदीत, 2020 च्या मार्चनंतर, ही गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. तोवर घर हे खरंच बरंचसं प्रेक्षक होतं. अचानक पोरांना शाळेत 'हजर' म्हणायला, वकिलाला बाजू मांडायला, नोकरदाराला तोंड दाखवायला घरातून काहीतरी बाहेर पाठवावं लागलं. आमची ऑनलाइन कविसंमेलनं तर काय सांगू! कविसंमेलनात ऐकणारे कमी आणि ऐकवणारे जास्त. तिथे तार विषमच हवी होती, पण उलट्या बाजूने. प्रत्येकाची सर्वात चांगली ओळ तेवढी तुटायची. निदान प्रत्येक कवी नंतर तसं म्हणायचा.

मग आमच्या गल्लीत काचेची तार आली. फायबर म्हणजे काचच, पण केसाएवढी. तिचा गाभा, ज्यातून एकाच वाटेने प्रकाश धावतो, तो जेमतेम नऊ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. प्रकाश अशा पारदर्शक धाग्यात कोंडून वळवता येतो, ही कल्पना जुनी आहे. जिनिव्हाच्या डॅनिएल कोलाडॉन यांनी 1841 च्या सुमारास पाण्याच्या वाकत पडणाऱ्या धारेतून प्रकाश नेऊन दाखवला होता. फायबर ऑप्टिक्स हे नाव रूढ केलं ते पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी, 1960 साली. पण काचेतून प्रकाश पाठवला की थोड्याच अंतरात विझायचा. चार्ल्स काओ यांनी 1966 मध्ये सांगितलं, की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धींचा आहे. चार वर्षांनी पुरेशी शुद्ध काच तयार झाली, आणि काओंना 2009 मध्ये नोबेल मिळालं. आजच्या चांगल्या तारेत पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो.

जोडणीच्या दिवशी खांबाखाली स्टुलावर बसून एक पोरगा तार जोडत होता. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. तारेवरचं आवरण सोलून, स्पिरिटने पुसून त्याने दोन्ही टोकं एका छोट्या कातरयंत्रात कापली. मग ती एका पेटीत समोरासमोर ठेवली. पेटीच्या पडद्यावर ती दोन टोकं ओंडक्यांएवढी दिसत होती. यंत्राने ती आपणहून सरळ रेषेत आणली, एक बारीक ठिणगी पडली आणि काचेला काच वितळून चिकटली. नंतर त्याने पेनासारखा एक लाल दिवा तारेच्या टोकाला लावला. जिथे तार जास्त वाकली होती तिथून लाल उजेड बाहेर पाझरताना दिसला. 'चाचा, इथे खिळा ठोकून मुडपू नका. वाकली की उजेड सांडतो.' हे वाक्य त्याने इतक्या सहज टाकलं, की मला क्षणभर त्याचा हेवा वाटला.

त्याच्याकडून आणि मग थोडं वाचून कळलं ते असं. गल्लीच्या तोंडाशी खांबावर एक छोटा डबा आहे. त्यात एका धाग्यातला प्रकाश काचेच्याच युक्तीने सोळा किंवा बत्तीस घरांत वाटला जातो. त्या डब्याला विजेची गरज नाही. बाहेरून येणारा मजकूर सगळ्या घरांत सगळ्यांचाच येतो, कुलूपबंद, आणि प्रत्येक घरातली पेटी आपलं तेवढं उचलते. बाहेर जाताना मात्र पाळी लागते, सार्वजनिक नळावर लागायची तशी. प्रत्येक घराला क्षणाचा एक बारीक तुकडा मिळतो आणि तेवढ्यात त्याने आपलं ओतायचं. सध्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकारात सगळ्या घरांना मिळून सुमारे अडीच गिगाबिट उतरतात आणि सव्वा गिगाबिट चढतात. म्हणजे चोवीसास एक हे प्रमाण दोनास एकवर आलं. आणि घरगुती योजनेत अनेक कंपन्या आता दोन्ही दिशांना सारखाच आकडा देतात. मामूंनी 50 ची जोडणी घेतली. 50 खाली आणि 50 वर. चारशे-पाचशे रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. तीच सव्वा जीबीची चित्रफीत आता साडेतीन मिनिटांच्या आत जाते. पावणेतीन तासांचं काम साडेतीन मिनिटांवर आलं, तेव्हा मामू म्हणाले, 'शायर, आता चहाला वेळ मिळत नाही.'

पण गोष्ट इथे संपत नाही. चढण रुंद झाल्यावर मामूंच्या पोराने गिऱ्हाइकाला थेट व्हिडिओ कॉलवर तंबोरा ऐकवायचं ठरवलं. पलीकडे परदेशातल्या एक गायिका होत्या. मामूंनी तंबोरा छेडला. पहिला झणकार पलीकडे पोचला आणि दोन-तीन सेकंदांत आवाज बारीक होत होत नाहीसा झाला. मामू छेडताहेत, पलीकडे शांतता. मामू म्हणाले, 'आवाज येतोय का?', तर तो स्वच्छ पोचला. पुन्हा तंबोरा, पुन्हा शांतता. कंपनीला फोन झाला. कंपनीने तार तपासली, तार उत्तम होती.

झालं होतं ते असं. बोलण्यासाठी केलेल्या या प्रणालींमध्ये गोंगाट गाळणारी एक सोय असते. जो आवाज सतत, एकसारखा येत राहतो तो पंख्याचा, मोटारीचा किंवा फ्रिजचा असणार, असं ती धरून चालते आणि पुसून टाकते. तंबोऱ्याचं तर सगळं मोठेपण सतत एकसारखं वाजत राहण्यात. यंत्राला वाटलं, मामूंच्या घरात पंखा चालू आहे! काही प्रणालींमध्ये ही गाळणी बंद करून मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय असते, ती संगीतकारांसाठीच केलेली. पोराने ती शोधून काढली आणि तंबोरा पलीकडे पोचला. पत्रकावरचा 300 चा चित्ता घेतला असता तरी तंबोरा पोचला नसता. आपल्या घरातली अडचण तारेत आहे की तारेच्या टोकावरच्या यंत्रात, हे आधी बघायचं आणि मग पैसे वाढवायचे.

त्या बाईंनी पुढे विचारलं, मी इकडून गाते, तुम्ही तिकडून साथ द्याल का? हे मात्र जमण्यासारखं नाही. मघाशी मी धरण जवळ येत नाही म्हणालो ते यासाठी. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-लंडन हवाई अंतर सात हजार किलोमीटरच्या वर, आणि समुद्रातली केबल त्याहून लांब. नुसत्या प्रकाशाला जाऊन यायला सेकंदाचे सत्तर सहस्रांश भाग लागतात, वाटेतली यंत्रं आपला वेळ घेतात तो वेगळा. बोलण्यात हे जाणवत नाही, समेवर मात्र येता येत नाही. हा उशीर कुठल्याही योजनेत विकत घेऊन कमी होत नाही.

घरातल्या भिंतींचंही तसंच. आमची जुनी घरं दगड-मातीची, हातभर जाडीची. कंपनीचा पोरगा पेटी लावतो ती दाराशी, कारण तिथे तार संपते. आमची सून आतल्या खोलीत बसून काम करते. दाराशी 50, आतल्या खोलीत 6. योजना बदलून हा सहाचा आकडा हलणार नव्हता, पेटी माजघरात आणल्यावर हलला. काचेची तार घरात आणखी वीस-पंचवीस फूट ओढायला त्या पोराने कुरकुर केली, पण ओढली. वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी 5 गिगाहर्ट्‌झची मोकळी पण भिंतीला लवकर हरणारी, आणि 2.4 ची भिंत पार करणारी पण शेजारपाजारच्या गर्दीची. जोडणी खरी किती आहे ते बघायचं असेल तर लॅपटॉप तारेनेच पेटीला जोडून बघावा.

आणि या बदलात एक गोष्ट गेली, तीही सांगितली पाहिजे. जुना टेलिफोन लाइट गेली तरी वाजायचा, कारण त्याला वीज एक्सचेंजच्या बॅटरीतून त्याच तांब्याच्या तारेने मिळायची. काचेतून वीज जात नाही. लाइट गेली की पेटी बंद आणि फोनही बंद. आम्ही पेटीसाठी एक लहानसा इन्व्हर्टर घेतला आहे. घरात म्हातारं माणूस असेल तर हा खर्च योजनेच्या खर्चातच धरावा.

म्हाताऱ्या माणसावरून अम्मीकडे येतो. तिला ऐकू फार कमी येतं. तिची धाकटी बहीण, आमची खाला, विजापूरला असते. तिलाही तसंच. गेली काही वर्षं या दोघी रोज दुपारच्या नमाजनंतर व्हिडिओ कॉलवर बसतात. एकमेकींच्या ओठांकडे बघून, हातवारे करून त्यांचं बोलणं चालतं. बाहेरच्याला वाटेल दोघी भांडताहेत. सिनेमात सेकंदाला 24 चित्रं सरकतात, म्हणून ओठ ओठांसारखे हलतात. कॉल अडखळला आणि तीच चित्रं पाच-सहावर आली की आवाज कसाबसा येत राहतो. ऐकणाऱ्याचं त्यावर भागतं. या दोघींचं भागत नाही. अम्मीच्या पडद्यावर खालाचा चेहरा अर्धं तोंड उघडं असताना गोठतो आणि अम्मी ओरडते, 'तेरा मूं अटक्या गे!'

आमच्याकडे काचेची तार आल्यावर विजापुरात खालाला अम्मी लख्ख दिसायला लागली. अम्मीला मात्र खाला पूर्वीसारखीच अडकत दिसते. अम्मीला वाटलं, नवी जोडणी उलटी बसवली. मी तिला पाटीवर लिहून समजावलं, की आपल्याकडे दिसणारा खालाचा चेहरा तिच्या घरातून निघतो, तिच्या चढणीवरून. आपण आपलं दार कितीही रुंद केलं तरी तिच्या दारातून जेवढं निघेल तेवढंच पोचणार. खालाकडे अजून मोबाइलचंच नेट आहे. तिची खोली आत, खिडकी एक, आणि मोबाइलचा लहानसा फोन लांबच्या टॉवरपर्यंत जेमतेम हाक मारू शकतो. टॉवरची हाक तिला येते, तिची टॉवरला पोचत नाही. अम्मीने पाटी वाचली आणि विचारलं, 'मग तिचे पैसे आपण भरले तर?' मला हा प्रश्न सुचला नव्हता.

म्हणून जोडणी वाढवायला निघालेल्या श्रोत्यांना मी एवढंच सुचवेन, की पत्रक घेऊन आलेल्या माणसाला चित्त्याबद्दल विचारू नका. वर जाणारा आकडा विचारा आणि तो लिहून घ्या. ठरावीक जीबी संपल्यावर दोन्ही आकडे कितीवर येतात तेही लिहून घ्या, कारण तोही मजकूर मुंगीएवढ्याच अक्षरात असतो. आणि ज्यांच्याशी आपल्याला बोलायचं आहे त्यांच्याकडे काय आहे, हे एकदा फोन करून विचारा. दोघं माणसं सिनेमे बघत असतील तर 50 पुरेसे होतात. त्यावरचे पैसे पलीकडच्या टोकाला लावलेले बरे, असं मला आमच्या घरापुरतं तरी वाटतं.

विजापुरात खालाच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आता काचेची तार आली आहे. तिथून तिचं घर सहा खांब आत. मावसभावाने अर्ज दिला आहे आणि दोन्ही आकडे विचारून मला कळवले आहेत, 50 आणि 50. सहा खांबांचे जादा पैसे कंपनी मागते आहे, त्यावर बोलणी सुरू आहेत. अम्मीने बोलणी संपायची वाट बघितलेली नाही. कालच्या कॉलवर तिने खालाला खाट हलवायला लावली. खिडकीकडे पाठ करून बसतेस म्हणून चेहरा काळा दिसतो, असं तिचं म्हणणं. तीनदा सांगून कळेना तेव्हा स्वतः उठून, आमच्या खिडकीसमोर बसून दाखवलं, 'उजाले की तरफ मूं कर के बैठ गे, ऐसा!'